सासूबाई पेशंट होतात

“आईला कॉलेजात नेऊ नकोस,” जागृतीला तिच्या नवऱ्याने, कुशलने, बजावलं होतं. “ती आयुष्यात कुणाला नाही म्हणालेली नाहीये.”

“पेशंटच व्हायचंय यार, वकील नाही,” म्हणत जागृतीने ते उडवून लावलं. त्या वेळी ती दीड वर्षाच्या लेकीचं, स्वानंदीचं टेम्परेचर घेत होती. स्वानंदीला काही झालेलं नव्हतं. पण अमेरिकेतल्या चँडलरच्या वाळवंटी उन्हात सावध राहिलेलं बरं, असं जागृतीचं मत होतं.

जागृती नर्सिंग शिकत होती. २००६च्या त्या सेमिस्टरला त्यांच्या प्राध्यापिका हॉफमनबाईंनी लेक्चरं कमी करून खेळ आणले होते. प्रत्येक टीमने घरचं एक माणूस आणायचं. त्याला चित्राचं कार्ड मिळणार, त्यावरच्या आजाराची त्याने बतावणी करायची आणि टीमने प्रश्न विचारून, तपासून आजार ओळखायचा. ओळखला तर पास. नाहीतर हॉस्पिटलची ड्युटी पुढच्या सेमिस्टरवर. पेशंट ज्या विद्यार्थिनीच्या घरचा, तिने मात्र फक्त तपासायचं, बोलायचं नाही.

नागपूरहून आलेल्या सासूबाई, अंजनाबाई, एका पायावर तयार झाल्या. शाळेत शिकवून रिटायर झालेल्या, त्यामुळे इंग्रजीची भीती नव्हती. त्यांनी हॉफमनबाईंना जय भीम केला, सगळ्यांना रव्याचे लाडू वाटले, स्वतःही एक खाल्ला आणि मिळालेलं कार्ड हातात धरून पलंगावर चढून पडल्या.

“खूप तहान लागते का?” टीममधल्या मेगनने सुरुवात केली.

“येस!” अंजनाबाई उत्साहाने म्हणाल्या.

“रात्री सारखं उठावं लागतं?”

“येस, येस.”

“डोळ्यांना अंधूक दिसतं? पायाला मुंग्या?”

“बोथ!”

जागृती डोळे वटारून खुणा करत होती. सुनेला पाणी हवंय असं वाटून अंजनाबाईंनी तिच्यापुढे ग्लास धरला.

मेगन रंगात आली. “दिवस गेलेत का?”

“येस,” अंजनाबाईंनी प्रेमाने सांगितलं.

वर्ग टेबलं बडवून हसला. जागृतीने कपाळाला हात लावला. ड्युटी गेली, हे तिला दिसत होतं. तरी मेगनने डायबेटिसचा अंदाज बांधला आणि बोट टोचून साखर मोजायचं मशीन जागृतीच्या हातात दिलं. टोचलं. आकडा आला तीनशे बारा.

“जिंकलो!” मेगनने उडी मारली.

जागृतीने आकडा पुन्हा वाचला. पेशंट खोटा होता, पण मशीन खरं होतं.

“लाडवाची साखर लागली असेल बोटाला,” ती पुटपुटली. नियम मोडून ती मराठीत म्हणाली, “आई, हात धुवा. साबणाने.”

धुतले. पुसले. पुन्हा टोचलं. तीनशे चार.

हॉफमनबाईंनी अंजनाबाईंच्या हातातलं कार्ड उलटून दाखवलं. त्यावर पाय मोडलेला माणूस होता.

“आई, हे तहान, मुंग्या... कधीपासून?”

“नागपुरातच सुरू झालं न. तुझं कॉलेज, पोरगी लहान. घरी सांगून कशाला जिवाला घोर लावायचा?”

“मग इथे काहून सांगितलं?” घाबरल्यावर जागृतीचं नागपूर बाहेर यायचं.

“इथे मार्क मिळणार होते न तुला!”

“आणि प्रेग्नंट?”

“ते पोरीने इतक्या आशेने विचारलं, बापा. तेवढं एक सोडून सगळं खरं.”

हॉफमनबाईंनी नियमाप्रमाणे टीमला नापास केलं आणि लगेच स्वतःच्या गाडीतून सासू-सुनेला क्लिनिकमध्ये नेलं. वाटेत जागृती सासूबाईंची पावलं मांडीवर घेऊन, कुठलं बधीर झालंय ते एकेक बोट दाबून बघत होती. “ड्युटी गेली का गं तुझी?” अंजनाबाई विचारत होत्या. जागृती म्हणाली, “गप्प बसा, मी मोजतेय,” आणि पहिल्यापासून सुरू केलं.

तुमच्याकडेही या उन्हाळ्यात कुणाची तरी आई आली असेल. आत्ता स्वयंपाकघरात असेल, पोळ्या लाटत. हे वाचणं तेवढं बाजूला ठेवा. जा, लाटणं काढून घ्या, त्यांना खुर्चीवर बसवा आणि आधी पाय बघा.