गाजर घराण्याची कबर

श्रीमती जेसी कावी यांनी नगरपालिकेच्या कबरस्तान विभागात एक साधा अर्ज केला होता. भाऊ अलेक वारला आहे. त्याची रक्षा आजोबांनी घेतलेल्या कबरीत, आईवडिलांशेजारी पुरायची आहे. तिथे नेमकी एकच जागा उरली आहे. तीन महिने अलेक घड्याळाशेजारी डब्यात बसून होता, आणि त्याच्याशी भांडल्याशिवाय जेसीच्या घशाखाली चहा उतरत नव्हता.

अडचण किरकोळ होती. स्कॉटलंडच्या त्या कोळीगावात निम्मं गाव कावी, आणि आजोबांच्या काळी त्यातले सतरा जण जॉर्ज. माणसं ओळखू यावीत म्हणून घरोघर टोपणनावं. तांबड्या केसांमुळे जेसीचे आजोबा 'गाजर'. जन्माच्या नोंदीत टोपणनाव नाही आणि कबरीच्या दप्तरात आडनाव नाही.

"म्हणजे बघा," कारकून कॅलम गंभीरपणे म्हणाला, "जॉर्ज कावी जन्मले, पण मेले नाहीत. जॉर्ज गाजर मेले, पण जन्मलेच नाहीत."

"अरे मेल्या, माझ्या हातचं जवाचं सूप पिऊन वाढलास तू! आमचं घराणं तुला ठाऊक नाही?"

"मला ठाऊक आहे हो, जेसीमावशी. कार्यालयाला नाही." त्याने पान उलटलं. "शिवाय दगडावर तुमच्या आजीचं आडनाव फ्लेट. त्या परक्या पुरुषाच्या कबरीत काय करताहेत?"

"इथल्या सगळ्याच बायकांचं दगडावर माहेरचं नाव असतं! आणि परका म्हणे! अकरा पोरं झाली तिला त्या परक्यापासून!"

"तसा पुरावा जोडा."

जेसीने जोडला. चर्चची वही आणली, होडीचा हजेरीपट आणला, आजोबांच्या लग्नाचा दाखला आणला. प्रत्येकावर नाव थोडं वेगळं, म्हणून प्रत्येक कागदाने एकेक आजोबा वाढवला. आजोबा पाच झाले, तेव्हा अर्ज 'वारसांचा वाद' म्हणून स्थगित झाला.

त्याच आठवड्यात कॅनडातल्या ऑन्टारिओहून वेंडेल हार्टविग पूर्वजांची कबर शोधत कार्यालयात आले. अंगावर नवाकोरा किल्ट, म्हणजे स्कॉटिश पुरुषांचा चौकड्यांचा घागरा, आणि हातात संगणकावरून घरबसल्या मागवलेली, माणसाच्या उंचीची छापील वंशावळ. तीत गाजर हे फ्रान्समधलं सरदार घराणं होतं आणि वेंडेल त्याचे थेट वारस. तीन राजेही होते, रंगीत.

एकच कागद, नाव सगळीकडे सारखं, कुठे खाडाखोड नाही! कॅलमला भरून आलं. दुपारपर्यंत कबर वेंडेलच्या नावावर झाली.

वेंडेल मनाने देवमाणूस. "घ्या की जागा, ताई! मी काय इथे मरायला आलोय?" फोनवर बोट फिरवून त्यांनी अलेकला वंशावळीत बसवलं: लांबचा चुलता, बहुधा. जेसीला मात्र कुठेच बसवता येईना.

"मृताशी नातं लिहा," कॅलम हळूच म्हणाला. "'बहीण' लिहिलंत, तर पुन्हा चौकशी लागेल. 'शेजारीण' चालेल."

सत्तर वर्षं ज्याच्याशी भांडली, त्या भावाची जेसी शेजारीण झाली. सही करताना तिला रडू आवरलं नाही. अलेक मात्र आईशेजारी गेला.

वाचकहो, राग आला ना? येणारच. जेसी त्याची सख्खी बहीण, हे तुम्हाला पहिल्या परिच्छेदापासून पक्कं ठाऊक होतं. तुम्ही तिच्याकडे एकही कागद मागितला नाहीत. स्वच्छ छापलेलं दिसलं, आणि कॅलमसारखाच शिक्का मारून मोकळे झालात.