ताईचा खुराक

जगात स्वच्छ मासे फक्त माझ्याच हौदांत आहेत, असं मी छातीठोकपणे सांगत असे. गाळलेलं पाणी, शेवाळ-जवस-सोयाबीनचं घरी दळलेलं खाद्य, आणि तपासणीत पारा नावालासुद्धा नाही! हे तेलयुक्त मासे मी वाढवतो ते खास गरोदर बायकांसाठी. आईला ताकद, बाळाच्या मेंदूला खुराक. बायको म्हणते, "त्या माशांइतकी स्वच्छ आंघोळ तुम्ही एकदा तरी करा!"

अडचण एकच. घरात एक खरीखुरी गरोदर बाई होती, आणि ती माशाला शिवत नव्हती. माझी थोरली ताई! ती एका शाळेची मुख्याध्यापिका. डॉक्टरांनी विश्रांती सांगितली म्हणून आमच्याकडे राहायला आली होती. पण विश्रांती तिला मिळाली आणि शिस्त आम्हाला. मासा नुसता दिसला तरी तिला उमासे येत. ती आपली दुधातून डॉक्टरांनी दिलेली चॉकलेटची पावडर घ्यायची, तीही "किती गोडमिट्ट आहे ही!" असं म्हणत.

अशात प्रसूती रुग्णालयाच्या आहारतज्ज्ञ बाईंचा फोन आला. "तुमचे मासे आमच्या पेशंटना द्यावेत असं वाटतंय. तुमच्या घरी कुणी गरोदर बाई खातात का?"

"खातात म्हणजे? माझी सख्खी ताई रोज मिटक्या मारत खाते!" मी ठोकून दिलं.

"मग हौद बघायला येईन तेव्हा त्यांनाही भेटते."

"या की!" म्हणून मी घाईघाईनं फोन ठेवला.

त्या दिवसापासून मी ताईच्या मागे लागलो. "ताई, एकच घास!"

"गाढवा, पुन्हा मासा म्हणालास तर अंगठे धरून उभा करीन!"

शेवटी बाई आल्या. मी ऐटीत हौदाकडे नेलं आणि बघतो तर काय! पाण्यावर साबणाच्या बादलीसारखा तपकिरी फेस! आणि सगळे मासे तोंडं वर काढून, रेशनच्या रांगेत उभे असल्यासारखे आ वासून बसलेले!

"हे वर का आलेत?" बाईंनी विचारलं.

"तुमच्या स्वागताला!"

बाईंनी खाली वाकून वास घेतला. "चॉकलेट?"

मला सर्दी. नाक म्हणजे नुसतं शोभेचं. मी हातातला खाद्याचा डबा उघडून चिमूटभर जिभेवर टाकलं. गोड! गोडमिट्ट!

डोक्यात लख्ख उजेड पडला. पोत्याला मुंग्या लागल्या म्हणून खाद्य मी एका डब्यात भरून ओट्यावर ठेवलं होतं. शेजारीच ताईच्या पावडरीचा डबा. दोन्ही डबे एकाच जोडीतले, दोन्ही पावडरी मातकट, आणि मी हौदावर आणला होता तो ताईचा! हवेचा पंप जोरात सोडून मी स्वयंपाकघराकडे धूम ठोकली. मागून बाई.

ताई ग्लास रिकामा करून ओठ पुसत होती.

"ताई, थांब! ते माशांचं आहे!"

"काय माशांचं?"

"खाद्य!"

बायकोच्या हातातला चमचा खाली पडला. "अहो, तुम्हीच म्हणालात, ओट्यावरचा डबा ताईंचा!"

"म्हणजे हा आठवडाभर मी माशांचं जेवण जेवतेय?" ताईचा आवाज शाळेच्या घंटेसारखा चढला. "मला वाटलं, वहिनीनं बिनसाखरेची आणली! वर मी तिचं कौतुक केलं!"

माझं हसू केव्हाच पळालं होतं. ताईला काही झालं तर? बाईंनी मात्र शांतपणे खाद्याच्या पोत्यावर मी लिहिलेली घटकांची यादी वाचली, ताईच्या डॉक्टरांना फोन लावला आणि लगेच तपासणी करवून घेतली. बाळ ठणठणीत, ताईही ठणठणीत. "पण यापुढे एक चमचाही नाही," डॉक्टरांनी दम भरला.

आता निघताना बाईंनी नेमका तोच प्रश्न काढला. "तुम्ही मासे रोज खाता ना?"

ताईनं माझ्याकडे पाहिलं. मी हात जोडले.

"मासे? छे! मी त्यांच्या ताटातलं पळवते!"

बाई इतक्या हसल्या की त्यांना पाणी द्यावं लागलं. मग डोळे पुसत म्हणाल्या, "खाद्य तरी चोख आहे, हे कळलं. पाणी बदला, माशांची पुन्हा तपासणी करा. आणि डब्यांवर कुणा शहाण्या माणसाला लक्ष ठेवायला सांगा. मग आपण बोलू."

मासे वाचले, तपासणी पार पडली, रुग्णालयाचं कामही मिळालं. शहाणं माणूस अर्थातच ताई! मांडीवर लेक घेऊन ती हौदापाशी खुर्ची टाकून बसते, आणि तिच्या नियमाप्रमाणे खाद्याचा प्रत्येक नवा डबा आधी मी चाखायचा, मग माशांनी.

खोटं कशाला सांगू, मीठ जरा कमी असतं.