चार बाय तीनची खिडकी

मानवी संस्कृतीचा आरंभ माणसानं पहिली भिंत उभी केली त्या दिवशी झाला, असं म्हणायला हरकत नाही. त्याच दिवशी, त्याच भिंतीसमोर, दुसरा एक माणूस कंबरेवर हात ठेवून उभा राहिला आणि म्हणाला, "जरा वाकडी वाटतीय." पुढं संस्कृती कुठल्या कुठं गेली. हा दुसरा माणूस अजून तिथंच उभा आहे. (मांडवगण फराट्यात तो सकाळी साडेआठला येतो आणि चहा झाल्याशिवाय हलत नाही.)

या माणसाचं करायचं काय, हा स्वतः उभं राहून घर बांधणाऱ्यापुढचा मुख्य प्रश्न. सिमेंट मिळतं, सळई मिळते, मिस्त्रीसुद्धा चार फोन केल्यावर मिळतो. सल्लागार मात्र न बोलावता मिळतो, आणि मिळाला की संपत नाही. हा प्रश्न आजवर एकाच माणसानं शास्त्रशुद्ध सोडवला. त्याचं नाव विनोद.

विनोद सव्वीस वर्षं रांजणगावच्या एका कंपनीत क्वालिटीला होता. त्याच्या सहीशिवाय तिथून साधा नट बाहेर पडत नसे. या सव्वीस वर्षांत तो आणि त्याची बायको राजश्री सणसवाडीत भाड्याच्या खोलीत राहिले. खोलीत ओटा होता आणि ओट्यासमोर भिंत होती. राजश्रीनं सव्वीस वर्षं त्या भिंतीकडं तोंड करून भाकरी थापली. रंगाचा कुठला पोपडा कोणत्या साली निघाला, हे ती न चुकता सांगायची. म्हणून गावच्या, मांडवगण फराट्याच्या, जागेत घर बांधायचं ठरलं, आणि विनोदनं मोठ्या मनानं तिला विचारलं, की तुला काय काय पाहिजे, तेव्हा तिची यादी एका ओळीची निघाली.

"ओट्यासमोर खिडकी. चार बाय तीन. भाकरी करताना रस्त्यानं जाणारी माणसं दिसली पाहिजेत. बाकी घर तुमचं तुम्ही बघा."

विनोदनं खिडकी नकाशावर लगेच काढली. पेन्सिलीनं.

काम नवनाथ मिस्त्रीला दिलं. नवनाथ दौंडचा, हाताचा सफाईदार, स्वभावानं गरीब. कुणालाही नाही म्हणायचं नाही, हे त्याचं तत्त्व. त्याच्यापुढं जो शेवटी बोलला असेल त्याचं तो बांधायचा. यात तसा काही दोष नाही. पण पहिल्याच आठवड्यात बाथरूमचं दार एका दिवसात तीन दिशांना फिरलं, आणि संध्याकाळी शेवटचं बोलून गेला तो माणूस मुळात पत्ता विचारायला थांबला होता.

दुसरा कुणी असता तर चिडला असता. विनोद कंपनीत वाढलेला. त्यानं दोनशे पानी वही आणली, रेघा मारल्या आणि वर ठळक लिहिलं: 'सल्ला नोंद व कारवाई'. बाभळीखाली प्लास्टिकचं टेबल मांडलं, आणि ज्यांना पुढंमागं घर बांधायचंय त्यांनी जपून ठेवावेत असे नियम केले:

१. सल्लागार बाहेरचा असावा. घरातल्यांचं म्हणणं 'अंतर्गत बाब' समजावं. अंतर्गत बाबी सवडीनं घ्याव्यात.

२. सल्लागारानं जागेवर निदान दहा मिनिटं काढलेली असावीत. मोटरसायकलवरून जाताजाता ओरडलेलं धरू नये.

३. सल्लागारानं स्वतः घर बांधलेलं असण्याची अट नाही. (ठेवली असती तर वही कोरी राहिली असती.)

४. नोंदलेल्या सल्ल्यावर कारवाई झालीच पाहिजे. दुखावलेला सल्लागार घरभरणीच्या जेवणाला येतो, पोटभर जेवतो, आणि छताकडं बघून मान हलवतो. त्या मान हलवण्याला कुठलंही सिमेंट पुरत नाही.

नियम वाचून राजश्री एवढंच म्हणाली, "अहो, त्ये टेप आना. एक टोक धरा, खिडकी मापून घिऊ, म्हंजी मिस्त्रीला खूण करता यील."

"एवढी नोंद झाली की आलोच," विनोद म्हणाला.

तेव्हा प्लिंथ, म्हणजे जोत्याचं काम, चालू होतं.

दोन महिन्यांत वहीत एकशे त्रेचाळीस सल्ले जमा झाले. त्यांचा अभ्यास उद्बोधक आहे. अठ्ठ्याऐंशी सल्लागारांनी सुरुवात "पाणी मारता ना?" या प्रश्नानं केली. नव्या बांधकामाला दिवसातून तीनदा पाणी मारावं लागतं, नाहीतर तडे जातात, हे या तालुक्यात उपजत सगळ्यांना ठाऊक असतं. पाइप शेजारीच पडलेला असे. अठ्ठ्याऐंशींपैकी तो हातात घेणारे शून्य. शेजारच्या दगडाबाईच्या म्हशीनं मात्र एकदा शिंगात अडकवून पाइप भिंतीपर्यंत नेला, आणि पूर्वेची बाजू चांगली भिजवली. (तिची नोंद घेता आली नाही. ती दहा मिनिटं थांबली नाही.) एरवी पाणी राजश्री मारायची. सकाळी, दुपारी, संध्याकाळी. ती अंतर्गत बाब होती.

एकोणचाळीस जणांनी वाळू तपासली. वाळू तपासण्याची पद्धत अशी: मूठभर वाळू दाबायची, मूठ उघडायची, तळहाताकडं डॉक्टरसारखं बघायचं आणि हळू आवाजात म्हणायचं, "माती हाय." विनोदनं दगड फोडून केलेली क्रश सँड आणल्यावरही एकोणचाळीसपैकी एकोणचाळीस जणांना मातीच सापडली. इतकी अचूकता त्यानं कंपनीतसुद्धा पाहिली नव्हती.

आता खिडकीकडं वळू.

पहिला सल्ला हौसराव आबांचा. आबा सोसायटीत तीन वेळा संचालक होते, त्यामुळं त्यांना थोडक्यात बोलायची सवय राहिलेली नाही. सारांश एवढा, की चार फुटी खिडकीतनं चोर सरळ आत येतो. तीन फुटीतनं त्याला आडवं व्हावं लागतं, आणि आडवं होऊन शिरायची चोरालाही लाज वाटते. विनोदला हे पटलं. खिडकी तीन बाय तीन झाली. कारवाई: पूर्ण.

मग इंद्रजीत आला. इंद्रजीतचे वाढदिवसाचे फ्लेक्स चौकात वर्षभर असतात, त्यामुळं समोरून कसं दिसतं याचा त्याचा व्यासंग मोठा. रस्त्याच्या बाजूला दोन खांब पाहिजेत, त्याशिवाय घराला लूक येत नाही, असं तो म्हणाला. खांबांवर काय ठेवायचं, हे विनोदनं विचारलं. काही ठेवायचं नसतं, खांबच ठेवायचे असतात, असं उत्तर मिळालं. एक खांब नेमका स्वयंपाकघराच्या अंगावर आला आणि खिडकीतला एक फूट घेऊन गेला. दोन बाय तीन. कारवाई: पूर्ण.

दगडाबाईनं फ्रिज कुठं ठेवणार ते विचारलं. फ्रिज घरात नव्हता. पण उद्या घेतला तर? आणि मोठा घेतला तर? मोठ्या फ्रिजच्या उंचीनं भिंत वर गेली. दोन बाय दीड.

शेवटी म्हस्कू. म्हस्कूचं खतांचं दुकान आहे, आणि दुपारी गिऱ्हाईक नसतं तेव्हा तो मोबाईलवर वास्तुशास्त्र शिकतो.

"आमच्यात वास्तू बघत न्हाईत," विनोद म्हणाला.

"न बघणारांचीच तर जास्त बघावी लागती," म्हस्कू म्हणाला.

या युक्तिवादाचं उत्तर विनोदनं रात्री अंथरुणात दोनदा शोधलं. त्या भिंतीतनं घराची शक्ती बाहेर गळेल, असं म्हस्कूचं निदान होतं. भोक नको. फार तर कोनाडा ठेवा, मोबाईल चार्जिंगला होईल. नवनाथनं एक बाय एकचा कोनाडा केला. कडा अशा घोटल्या, की साऱ्या घरात तेवढं नक्षीदार काम दुसरं नाही.

राजश्री पाइप घेऊन आली, कोनाड्यासमोर उभी राहिली. आत पाच बोटं घालून तिनं पलीकडची वीट चाचपली.

"अहो, माझी खिडकी?"

विनोदनं वही चाळली. वहीत ती कुठंच नव्हती. नकाशावर पेन्सिलीची पुसट रेघ होती आणि तिच्याखाली त्याच्याच अक्षरात 'अं. बाब, प्रलंबित'.

"तू सांगितलंस, पण तू घरातलीच ना," तो समजुतीनं म्हणाला. "बाहेरच्या मानसाला वाईट वाटतं. तुला काय वाटायचंय?"

राजश्रीनं पाइप गुंडाळून ठेवला, आणि दौंडला बहिणीकडं, ताईबाईकडं निघून गेली. चार दिवसांनी येते म्हणाली. भांडण झालं असतं तर विनोदनं नोंद केली असती. भांडण झालं नाही.

त्या चार दिवसांत पाणी कुणी मारलं नाही. विचारायला मात्र सहा जण येऊन गेले.

विनोद साइटवरच राहिला. अर्ध्या झालेल्या स्वयंपाकघरात त्यानं स्टोव्ह मांडला आणि पिठलं टाकू लागला. पहिल्या दिवशी समोर भिंत आहे हे त्याच्या लक्षातही आलं नाही. दुसऱ्या दिवशी तो मोबाईल कोनाड्यात ठेवून तिकडं बघत बसला. तिसऱ्या दिवशी रस्त्यानं कुणीतरी हसत गेलं, कोण ते बघायला त्यानं मान वर केली, आणि समोर वीट होती. चौथ्या दिवशी त्याला सहाव्या थरातली तिसरी वीट चेहऱ्यानं ओळखू यायला लागली. जेवतानाही तो त्या विटेसमोरून उठला नाही.

खिडकी पाहिजे, हे त्याला तेव्हा पटलं. पण तोही घरातलाच. नियम एक त्यालाही लागू होता. आणि नवनाथ म्हणत होता, "भाऊ, उद्या दारं-खिडक्यांवरचं लिंटल भरायचं. येकदा त्यो पट्टा भिंतीवर बसला की मंग आमच्या हातात काय न्हाई. जे काय हाय ते आजच बोला."

त्याच दुपारी वडापची जीप रस्त्यावर थांबली आणि राजश्री उतरली.

आत आली नाही. वाळूच्या ढिगाच्या पलीकडं, बाहेरच्या माणसांची जागा असते तिथं, तिनं पिशवी ठेवली. कंबरेवर हात ठेवले. भिंतीकडं बघत राहिली. मग मूठभर वाळू उचलली, दाबली, मूठ उघडली.

"माती हाय," ती म्हणाली.

नवनाथची थापी हवेत थांबली.

"पाणी मारता ना?"

"अगं, आत ये की," विनोद म्हणाला.

"आत आले की अंतर्गत हुईन. हितंच बरी हाय मी."

दहा मिनिटं व्हायची होती. हौसराव आबा नेहमीच्या जागेवर होतेच. त्यांनी परिस्थिती ओळखली. "पाव्हणीला च्या सांगा रं," ते म्हणाले. चहा आला. राजश्रीनं तो उभ्यानंच घेतला, सल्लागार घेतात तसा, अर्धं लक्ष भिंतीच्या कोपऱ्याकडं ठेवून.

घड्याळात दहा मिनिटं झाली तेव्हा विनोदनं वही उघडली. नोंद क्रमांक एकशे चव्वेचाळीस. नाव: राजश्री. गाव: त्यानं थोडा विचार करून लिहिलं, 'सणसवाडी, सव्वीस वर्षं'. नातं या रकान्यात त्याचं पेन बराच वेळ अडलं.

"आधी घर बांधलंय का कुठं?" त्यानं विचारलं. असा रकाना वहीत नव्हता. त्याला काहीतरी विचारायचं होतं.

"चालू हाय," राजश्री म्हणाली. "लिवा. वट्यासमोर खिडकी. चार बाय तीन. खांब आडवा यीत आसंल तर खांब काढा. त्याच्यावर कायबी न्हाई."

विनोदनं लिहिलं, आणि कारवाईच्या रकान्यात आयुष्यात पहिल्यांदा काम व्हायच्या आधीच 'पूर्ण' लिहून सही केली. नवनाथकडं बघितलं. नवनाथला काहीच अडचण नव्हती. वहिनी शेवटी बोलल्या होत्या. त्यानं छिन्नी-हातोडा मागवला आणि कोनाड्याच्या नक्षीवर पहिला घाव घातला. मग थांबला. म्हणाला, खूण पाहिजे, अंदाजानं फोडत न्हाई.

राजश्री वाळूचा ढीग ओलांडून आत आली. तिनं टेप घेतला, एक टोक भिंतीच्या कडेला दाबून धरलं आणि मागं वळून बघितलं.

तोपर्यंत गाव जमलं होतं. भिंत बांधताना जेवढी माणसं येतात, त्याच्या दुप्पट फोडताना येतात. आबांचे हात कंबरेवर होते. म्हस्कू गळणाऱ्या शक्तीकडं बोट दाखवत होता. इंद्रजीत खांबाला दोन्ही हातांनी धरून उभा होता. दगडाबाई फ्रिजची उंची हवेत दाखवत होती. नवनाथच्या एका हातात छिन्नी, दुसऱ्या हातात हातोडा. विनोद धरायला निघालाच होता, पण एका हातात वही आणि दुसऱ्यात पेन, आणि तेवढ्यात आबांनी साडेतीन फुटांचा सुवर्णमध्य काढला होता. त्याची नोंद करणं भाग होतं.

वाचकहो, तुम्हीही आता इथं उभे राहून दहा मिनिटं होत आली. खिडकी चारची असावी की साडेतीनची, जाळी लावावी की नुसते गज, याबद्दल तुमच्या मनात काहीतरी आलं असणारच. विनोदराव ते लिहून घेतील, एकशे शेहेचाळीस नंबरला. अजिबात काळजी करू नका.

फक्त तोवर, हात मोकळाच असेल तर, राजश्रीताई केव्हाच्या विचारतायत: टेपचं हे टोक जरा धरता का?