नत्थुजींचा त्रिशंकू

नत्थुजींनी परतवाड्याच्या घराच्या गच्चीवर दुर्बीण बसवली, ती लेकीचं, प्रणालीचं, लग्न जमावं म्हणून. स्थळ अकोल्याचं, मुलगा शेखर बरा होता, पण त्याचे वडील सूर्यभानजी फोनवर दर वेळी काहीतरी मोठं ऐकवायचे. कधी नवी गाडी, कधी घरातली लिफ्ट. जमिनीवरचं काही सांगण्यासारखं उरलं नाही, तेव्हा नत्थुजींनी आकाशाला हात घातला.

"आमच्या गच्चीवून दक्षिनेले त्रिशंकू दिसते. त्याचा मोठा तारा नुसत्या डोयानं एक, पन दुर्बिनीत दोन होते. या, दाखोतो."

मे महिन्यात पाहुणे आले. आमरसाचं जेवण उरकून मंडळी गच्चीवर चढली. आता नत्थुजींनी त्रिशंकूबद्दल वाचलं होतं पुष्कळ, पाहिला होता कोणी? पोरगी भौतिकशास्त्र शिकवते, पण तिला विचारणं म्हणजे बापाची शोभा. त्यांनी दुर्बीण दक्षिणेला फिरवली आणि क्षितिजाशी दोन ठिपके शेजारीशेजारी लखलखले. नत्थुजींचा जीव भांड्यात पडला.

सूर्यभानजींनी डोळा लावला. "दोन काय, मले तं चार दिसून राहिले."

"निळसर हायेत ना?"

"निळेच. आमचा आजा यालेच पाहून पेरनी करे."

माणिकबाईंनी, म्हणजे सूर्यभानजींच्या बायकोनं, चष्मा नसतानाही ताऱ्याला हात जोडले. मग शेखर वाकला.

"मले तं मळ्यातल्या मोटारीच्या खोलीवरचे बलब वाटून राहिले."

"याचं लहानपनापासून असंच हाय," सूर्यभानजी ओशाळून म्हणाले. प्रणाली पदर तोंडाला लावून हसली. नत्थुजींना मात्र काळजी लागली. एवढी शिकलेली पोरगी या मठ्ठाला द्यायची?

तेवढ्यात लाईन गेली. गाव गेलं, पलीकडचे संत्र्याचे मळे गेले, आणि त्यांच्याबरोबर ताराही गेला.



"मावळला," नत्थुजी म्हणाले.

"हो ना. उन्हायात लवकरच मावळते," सूर्यभानजींनी तात्काळ साथ दिली. असा समजूतदार इवाई शोधून सापडत नाही. दोघे व्याही एकमेकांचा हात धरून, चाचपडत, चहाला खाली उतरले. मागून माणिकबाई.

पोरं आली नाहीत म्हणून नत्थुजी परत वर गेले. दोघं दुर्बिणीकडे पाठ करून उभी होती. अंधाऱ्या मळ्यांच्या वर, अगदी खाली, पतंगाच्या आकाराचे चार तारे स्वच्छ दिसत होते.

"हाच का?" शेखरनं विचारलं.

"हाच. खालचा तो, दोनाचा एक दिसते." मग प्रणाली बापाकडे वळली. "बाबा, मले पोरगा पसंत हाय. बलबाले बलब म्हनते."

नत्थुजी कठड्याशी आले. त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा त्रिशंकू पाहिला, आणि नीट पाहून होण्याआधीच लाईन आली. गाव उजळलं, पतंग पुसला गेला, मळ्यात दोन बल्ब लागले.

खालून सूर्यभानजींची हाक आली, "नत्थुजी, पाहा बरं, उगवला असीन."

नत्थुजींनी एकदा जावयाकडे पाहिलं.

"उगवला," ते म्हणाले.