अंबादासमामांचं अमेरिकन चेकिंग

टीव्हीवर हजारो माणसं बोंबलत होती. नारळाच्या आकाराचा चेंडू हवेत होता, त्याच्याखाली दोन दांडगे गडी एकमेकांना रेटत होते, आणि नेमके तेव्हाच अंबादासमामा पलंगावरून उठले. टीव्हीपाशी गेले, खिशातून सूत मोजायचं भिंग काढलं, पडद्याला लावलं आणि एका खेळाडूच्या कमरेला खोचलेला टॉवेल निरखू लागले. चेंडू शेवटी कुणी पकडला ते त्यांच्या पाठीमुळे मला दिसलंच नाही. गलका थांबल्यावर मामा वळून म्हणाले, "काठ मशीनवरचा हाय. पण कोपरा न्हाय दिसला."

सोलापुरात सकाळी पावणेसात वाजता अमेरिकेतला फुटबॉल लागतो, हे मला मामांमुळे कळलं. मी त्यांची शेजारीण. कॉलेजच्या ग्रंथालयात नोकरी करते. आमच्या दोन घरांमध्ये एकच भिंत आहे आणि मला चौकशीची खोड आहे, ती मी लपवत नाही. मामा आणि लक्ष्मीमामी तेलुगूत भांडतात, म्हणजे शेजाऱ्यांना कळू नये. पण वीस वर्षं भिंतीला कान लावल्यावर माणूस कुठलीही भाषा शिकतो.

मामा एमआयडीसीतल्या एका टॉवेलच्या कारखान्यात जन्मभर चेकर होते. टेबलावर टॉवेल पसरायचा, नजर फिरवायची, पास नाहीतर रिजेक्ट. नोकरी संपली, सवय सुटली नाही. लग्नात नवरीच्या अंगावर अक्षता टाकता टाकता तिच्या शालूचा काठ उलटून बघतील. माझ्या साडीचा फॉल एक बोट वर गेलाय हे त्यांनी मला भर चौकात, रिक्षावाल्यांच्या देखत सांगितलं होतं. दवाखान्यात इंजेक्शन घेऊन बाहेर येताना रांगेतल्या माणसाला म्हणाले, "जावा, पुढचा पीस." मामीच्या हातची कडक भाकरीसुद्धा आधी उजेडाकडे धरून बघतात आणि मगच मोडतात. मामी बघून न बघितल्यासारखं करते. शेंगाचटणी मात्र त्यांच्यापासून लांब सरकवते.

जावयाने त्यांना मोबाइल टीव्हीला जोडून दिला होता, कुस्त्या बघायला. कुस्त्या शोधता शोधता त्यांना हा खेळ सापडला. पहिले दोन दिवस त्यांना वाटलं मारामारी चाललीय. तिसऱ्या दिवशी ते धावत माझ्या दारात आले. "ताई, हे लोक माप घ्यायला साखळी आणतात!" खरंच आणतात. चार डावांत दहा यार्ड पुढं जायचं असतं, आणि गेले की नाही असा संशय आला की दोघेजण काठ्यांना बांधलेली साखळी घेऊन मैदानात येतात आणि सगळं स्टेडियम श्वास रोखून बघत बसतं. कापडासारखा यार्डात मोजलेला खेळ म्हटल्यावर मामांना तो घरचाच वाटला.

त्यातून पंचांकडे पिवळं फडकं. कुणी चूक केली की पट्ट्यापट्ट्यांच्या शर्टातला पंच कमरेचं फडकं काढून फेकतो. मामा खूश. खेळाडूंचं एक नाव त्यांना माहीत नाही, पंच मात्र सगळे चेहऱ्याने ओळखतात. एकाला ते "कडक चेकर" म्हणतात, एकाला "झोपाळू". एक पोट सुटलेला आहे, त्याच्यावर त्यांचा फार जीव. कुठला संघ जिंकावा असं विचारलं तर मामांना राग येतो. चेकरला आपलं-परकं नसतं, म्हणतात. आणि इंग्रजी समालोचन सांगायला सामना असेल त्या सकाळी माझी हाक. मी कुरकुरत जाते. खोटं कशाला बोलू, चहा मामीचा फक्कड असतो.

पण भिंगाचं काय गौडबंगाल आहे ते कळेना. एका शुक्रवारी मामांनी जाहीर केलं की या आठवड्याचे सगळे सामने बघायचे. आज सकाळचा, रविवारी रात्री होणारे सोमवारी दुपारी पुन्हा लावून, आणि मंगळवारी सकाळचा शेवटचा. मी म्हटलं, मला नोकरी आहे. तर म्हणाले, रजा टाका. असा माणूस! मी अर्थातच टाकली. त्याआधी मात्र मामी आत गेलेली बघून त्यांना नीट कोंडीत धरलं.

तेव्हा हळू आवाजात त्यांनी सांगितलं ते असं. मामीही त्याच कारखान्यात होती, टॉवेलचे काठ शिवायला. हात असा, की कोपरा वळला तरी टाका हलायचा नाही. अठरा वर्षांपूर्वी अमेरिकेला पिवळ्या टॉवेलांचा माल गेला. मॅनेजर म्हणाला होता, तिकडे कुठल्याशा खेळाचे प्रेक्षक ते हवेत फिरवतात. त्यात मामीने शिवलेला एक गठ्ठा मामांनी सगळ्या बायांसमोर रिजेक्ट केला. एका कोपऱ्याचा टाका सुटला होता. दुसऱ्या बाईने तेवढा एक कोपरा दुरुस्त केला, माल गेला. मामी मात्र त्या दिवशी घरी आली ती पुन्हा कारखान्यात गेली नाही. आपली नजर गेली, हात गेला, असं तिच्या मनाने घेतलं.

हा दुसरा अर्धा भाग मला पाठ होता. कारण दरवर्षी मामीला डोळे तपासायला मीच स्कूटरवरून नेते. डॉक्टर दरवर्षी सांगतात, नजर उत्तम आहे. मामी दरवर्षी बाहेर येऊन म्हणते, ह्या डॉक्टरला काय कळतंय.

"किती येळा सांगितलं तिला, तुझा हात चांगला हाय म्हणून," मामा म्हणाले. "ती म्हणते, तुमीच तर रिजेक्ट केलाव की."

आणि आता ती घरचं शिवणयंत्र देऊन टाकणार होती. कुंभारी गावची पुतणी बुधवारी टेम्पो घेऊन येणार होती. यंत्र घरातून गेलं की लक्ष्मीचा हातही कायमचा गेला, असा मामांचा हिशेब. म्हणून त्यांना त्याआधी टीव्हीवर एक, एकच पिवळा टॉवेल नीट दिसायला हवा होता. कोपरा दिसला की मामीला बोलवायचं, भिंग हातात द्यायचं आणि म्हणायचं, बघ, अमेरिकेत अजून टिकलाय.

मी म्हटलं, मामा, अठरा वर्षांनी तो टॉवेल फरशी पुसायला तरी उरला असेल का? मामांचा चेहरा असा झाला, जणू मी गावाचीच अब्रू काढली होती. "सोलापूरचा हाय तो," एवढंच म्हणाले.

शुक्रवारचा सामना तर वायाच गेला. प्रेक्षक निळे आणि पांढरे, पिवळा टॉवेल औषधालाही नाही. सोमवारी दुपारी मात्र लॉटरी लागली. एका सामन्यात अख्खं स्टेडियम पिवळं. हजारो टॉवेल गरागरा फिरत होते. फिरतच होते. मामा टीव्हीपुढे उकिडवे बसून विनवण्या करत होते, अरे धरा की जरा स्थिर. कुणी धरेना. मग तो पिवळा संघ हरायला लागला, देवाची कृपाच म्हणायची, आणि एका जाड्या माणसाने दुःखाने टॉवेल तोंडावर पांघरला. मामा ओरडले. मी चित्र थांबवलं. कोपरा स्पष्ट, त्याच्या हनुवटीखाली लोंबत होता. मामांनी भिंग लावलं, पुसून पुन्हा लावलं. मग मला म्हणाले, तुमी बघा. मी बघितलं. भिंगातून नुसते लाल, हिरवे, निळे ठिपके दिसत होते. टाका नाही, काठ नाही, टॉवेलसुद्धा नाही.

त्या संध्याकाळी मामीने यंत्राला तेल दिलं, पुसलं, त्याचा पट्टा काढून पिशवीत बांधला. पुतणीला सोयीचं व्हावं म्हणून. मामा दारात पाय पसरून बसले होते. दोघांमध्ये तेलुगूत काही बोलणं झालं नाही. एवढी शांतता मला त्या भिंतीतून कधी ऐकू आली नव्हती, आणि ती मला आवडली नाही.

मंगळवारी सकाळी मी गेले तेव्हा मामांच्या हातात भिंग नव्हतं. सामना लावला होता, तिकडे बर्फ पडत होतं. मामा नुसते बसले होते. खेळ संपत आला असताना एका खेळाडूने कडेला झेप घेऊन चेंडू पकडला. पंच होता पोट सुटलेला, मामांचा लाडका. त्याने हात हलवले, पकड बाद. लोक खवळले. मग पंच कडेला गेला, कानाला काहीतरी लावलं आणि छोट्या पडद्यावर तोच झेल बघत उभा राहिला. बर्फ त्याच्या टोपीवर साचत होतं. मामा पुढे सरकले. रीचेकिंग म्हणजे त्यांचा प्राण.

पंच मैदानाच्या मध्ये आला. माइक सुरू केला, काहीतरी बोलला, आणि अर्धं स्टेडियम नाचायला लागलं.

"काय म्हणाला त्यो?" मामांनी विचारलं.

"म्हणाला, आधी दिलेला निकाल चुकीचा होता. बदलतोय."

"समद्यांसमोर?"

"माइकवर, मामा. सगळ्यांनी ऐकलं."

मामा त्या पंचाकडे बघत राहिले. मला वाटतं, आता त्याचं काय होतं ते त्यांना बघायचं होतं. त्याचं काहीच झालं नाही. त्याने टोपीवरचं बर्फ झटकलं, शिट्टी वाजवली आणि खेळ पुढे सुरू झाला.

मामांनी टीव्ही बंद केला. दोन मिनिटं उरली होती, मी "अहो" म्हणेपर्यंत पडदा काळा. त्यांनी मामीला हाक मारली. मी उठायला लागले तर मला हाताने खाली बसवलं. मामी पदराला हात पुसत आली. मामा तेलुगूत बोलतील असं मला वाटलं होतं. ते मराठीत बोलले, मला ऐकू यावं म्हणून.

"लक्ष्मी, तो पिवळा गठ्ठा चांगला होता. टाका सुटला नव्हता. मी नखानं उसवला."

मामी उभीच.

"बाया बोलालत्या, बायकोचा माल डोळे झाकून पास करतो म्हणून. मॅनेजरच्या कानावर गेलतं. मी भ्यालो. तुझा हात त्या दिवशी बी चांगला होता आन् आज बी हाय."

मला मामांचा इतका राग आला, की हातातला कप खाली ठेवावा लागला. एका नखाच्या टोकाने या माणसाने एका बाईची अठरा वर्षं उसवली होती. आणि त्यांच्याकडे बघितलं तर ते इतके घाबरलेले, की राग धड टिकेना.

मामीने मामांच्या बोटांच्या नखांकडे बघितलं. मग म्हणाली, "आन् मी दरसाली डोळे कशाला दाखवालते?"

मामीने माझ्याकडेही एकदा बघून घेतलं. स्कूटर माझी होती ना. मग ती आत गेली आणि आतून भांडी घासल्याचा आवाज येऊ लागला. घासलेलीच भांडी पुन्हा घासत होती.

बुधवारी पुतणी टेम्पो घेऊन आली. मामीने तिला चहा दिला, भाकरी-चटणी बांधून दिली आणि रिकाम्या टेम्पोतून परत पाठवलं. सांगितलं, मशीन लागतंय. आणि खरोखरच ते लागलं. बुधवार आणि गुरुवार भिंतीपलीकडून दिवसभर घरघर. घरातल्या चादरी झाल्या, उशांचे अभ्रे झाले, मग माझे पडदे मागून नेले. मी काठ मुद्दाम उजेडात धरून बघितले. माझ्यासारखीलाही कळावं इतके ते सरळ होते. मामांशी मात्र चकार शब्द नाही. त्यांचं ताट वाढून ठेवायची आणि पाठ फिरवायची. मामा भाकरी उजेडाकडे न धरता खात होते, हे मी खिडकीतून बघितलं.

शुक्रवारी सकाळी मला हाक आली नाही. टीव्हीचा आवाज मात्र येत होता. मला राहवेना, मी आपणहून गेले. मामा एकटेच पलंगावर बसले होते, नवीन आठवड्याचा पहिला सामना चालू होता, आणि ते तो बघत नव्हते. आवाज असावा म्हणून लावला होता.

थोड्या वेळाने यंत्राची घरघर थांबली. मामी बाहेर आली. इतक्या महिन्यांत ती या खेळापुढे एकदाही बसली नव्हती. आता आली आणि पलंगाच्या दुसऱ्या टोकाला, मध्ये दोन माणसं बसतील एवढी जागा सोडून बसली. पडद्यावर निळे आणि लाल एकमेकांवर कोसळत होते. तिने ते बराच वेळ बघितलं.

"ह्यात आपले कुठले?" तिने विचारलं.

मामांनी तिच्याकडे बघितलं.

"तू म्हणशील ते," ते म्हणाले.

मामीने नीट विचार केला आणि निळ्यांकडे बोट दाखवलं. निळे त्या दिवशी सपाटून हरले. आपलं-परकं न मानणारे मामा शेवटची शिट्टी होईपर्यंत निळ्यांसाठी टाळ्या वाजवत होते.