मायेत वर्ग केलेले डबे

जुन्नरच्या एका महाविद्यालयात लॉजिस्टिक्सच्या वर्गासाठी एका शीतगृहातली नोकरीची एकच जागा आली. काम सरळ होतं : भाजीपाला वेळेवर रवाना करायचा. वर्गात पहिली आली होती रत्ना, म्हणजे प्रश्न मिटलेलाच. पण ती मुलगी असल्यामुळे तो उपस्थित झाला, आणि विद्यार्थ्यांचा दृष्टिकोन जाणून घेण्यासाठी सुदर्शन सरांनी सभा बोलावली.

दृष्टिकोन अत्यंत उदार निघाला. स्त्रियांनी या क्षेत्रात जरूर यावं, असं सर्वांनी हात वर करून सांगितलं. फक्त रात्रपाळी नको, ती रात्री असते. ट्रक नको, त्यात ड्रायव्हर असतो. गोदाम नको, तिथे घुशी असतात.

"मग उरलं काय?" रत्नाने विचारलं.

"खुर्ची," वर्गप्रतिनिधी मोहित म्हणाला. "तीबी पंख्याखाली. आमी लई जपतोय तुला!"

एवढ्यात सभेवर संकट कोसळलं. वसतिगृहातल्या पोरांचे डबे रोज गावाहून एसटीने येतात. आया पहाटे उठून भाकरी थापतात, फडक्यात डबा बांधतात, धावत जाऊन कंडक्टरच्या हातात देतात. ती एसटी आज येडगावपाशी बंद पडली होती.

मोहितने घरी, बोरी बुद्रुकला फोन लावला. "आये, डबा न्हाई आला!" यापुढची योजना त्याच्याकडे नव्हती. आडत्याचा मुलगा जिनेश उठला आणि पुरवठा साखळीतील व्यत्यय या विषयावर बोलू लागला.

रत्नाने ओळखीच्या पिकअपवाल्याला फोनवर गाठलं. "दादाभाऊ, टमाटे उतरवून जुन्नरलाच येताय ना? येडगावला एसटी उभी हाय. कंडक्टरकडनं डबे घ्या, क्रेटमधी बसवा. आन् आमटीचे उभेच ठेवा बरं का!"

डबे आले. आमटी सांडली नव्हती. मेथीची भाजी बघून मोहितचे डोळे भरून आले.

"आता तरी?" रत्ना म्हणाली. "पोचवला ना माल?"

सरांनी बोटं चाटत मुद्दा विचारार्थ घेतला. "पोचला खरा. पण याला माल म्हणावं का?"

"माल कुठला, सर? ती माया व्हती," मोहित म्हणाला.

ठराव एकमताने झाला : पहाटे उठणे, बांधणे, गाडी गाठणे, गाडी बंद पडल्यास दुसरी शोधणे व भुकेल्यापर्यंत पोहोचवणे ही कामे स्त्रीने केल्यास 'माया' आणि पुरुषाने केल्यास 'लॉजिस्टिक्स' या सदरात वर्ग करावीत. मायेचा अनुभव नोकरीसाठी ग्राह्य नाही. सबब, जागा मोहितला देण्यात येत आहे. त्याला पहाटे फोन करून उठवण्याचं काम त्याच्या आईकडे राहील.

रत्नाने दप्तर उचललं.

"अगं, रिकामे डबे माघारी कोण धाडणार?" मोहित ओरडला.

"ते लॉजिस्टिक्स," ती दारातून म्हणाली.

ठरावावर हरकती मागवण्यात येत आहेत. हरकत घेणाऱ्या वाचकांनी आज सकाळी आपण स्वतः कोणत्या सदरातून जेवलो, तेवढं आधी नमूद करावं.