हलेल ते पुसलं जाईल

दिवाणखान्याच्या भिंतीवर नगरपालिका होती, पूल होता, पाण्याची टाकीसुद्धा होती. बायको नव्हती. विमा कचेरीतल्या या हौशी फोटोग्राफरने शहरातली दिव्यांनी उजळलेली एकही इमारत सोडली नव्हती. टाकीला जे भाग्य लाभलं ते आपल्याला का नाही, हा बायकोचा प्रश्न अगदी रास्त होता.

"या वेळी मी फोटोत असणार," तिने बजावलं. "नाहीतर कॅमेरा त्या टाकीत बुडवीन."

स्पर्धेसाठी जुन्या ग्रंथालयाचा फोटो काढायचा होता. दिवेलागणीला ती ठेवणीतले कपडे घालून पायऱ्यांवर उभी राहिली. शेजारी तिथला पहारेकरी स्टुलावर गाढ झोपला होता. दोनदा हाका मारून झाल्या, पण तो कुठला उठतोय.

नवऱ्याने कॅमेरा स्टँडवर चढवला आणि व्याख्यान दिलं. शटर दोन मिनिटं उघडं राहणार. हलेल ते पुसलं जाईल, स्थिर असेल तेवढंच उमटेल. पहिल्या वेळी गाडीचे दिवे मध्ये आले. दुसऱ्या वेळी त्याचाच पाय स्टँडला लागला आणि राग अर्थातच बायकोवर निघाला. तिसऱ्या वेळी शटर उघडलं, तोच एक कुत्रं पायऱ्यांवर आलं.

"अगं, ते बसायच्या आत हाकल. बसलं की उमटेल."

तिने हाकललं. मग फाटकातून आत वळणारी मोटार तिनेच धावत जाऊन अडवली. मग उघड्यावर टाकलेली त्याची बॅग उचलायलाही तीच. धापा टाकत ती जागेवर परतली, हसली, आणि शटर बंद झालं.

फोटो अप्रतिम आला. दगड न् दगड स्पष्ट, पहारेकऱ्याच्या गालावरचा तीळसुद्धा. ती उभी होती तिथे मात्र एक फिकट डाग होता.

"ही मी?"

"तू हललीस ना," नवरा म्हणाला. असं म्हणायला त्याची जीभ कशी रेटली, कोण जाणे!

वर त्या फोटोला पहिलं बक्षीस मिळालं. पहारेकऱ्याच्या ध्यानस्थ मुद्रेचं परीक्षकांनी तोंड भरून कौतुक केलं. फोटो भिंतीवर लागला. येणारा जाणारा विचारू लागला, हे कोण, सासरे का? डागाची चौकशी एकानेही केली नाही, याचा तिला मनस्वी संताप आला.

रविवारी सकाळी ती तेच कपडे घालून स्वयंपाकघरात खुर्चीवर बसली. पडदे ओढलेले, समोर स्टँडवर कॅमेरा, हातात वायरने जोडलेलं त्याचं बटण. नवऱ्याने चहा मागितला.

"मी हलले की दिसत नाही," ती म्हणाली. "म्हणून बसलेय."

दूध उतू गेलं. दाराची बेल वाजली. साखरेचा डबा सापडेना. नवरा ओट्यापासून दारापर्यंत नुसता धावत होता, आणि शटर उघडं राहावं म्हणून तिने बटण दाबून धरलं होतं.

संध्याकाळी ग्रंथालय खाली उतरलं आणि त्या जागी नवा फोटो लागला. त्यात ती खुर्चीवर प्रसन्न बसली होती, कानातल्या खड्यासकट स्पष्ट.

शेजारीण बराच वेळ निरखत राहिली. "ओट्याजवळ हे काय गं? धूर?"

"छे," ती म्हणाली. "हे आहेत. काम करतायत."